३२.४ : बाबांचा थर्मामीटर आणि एक मीठ

बाबा गेले त्याला येत्या मार्चमध्ये दोन वर्षं होतील. त्यांचं कपाट आवरायला घेतलं तेव्हा कपड्यांपेक्षा वह्याच जास्त निघाल्या. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या, एकूण एकवीस. प्रत्येक पानावर तारीख, सकाळी साडेआठचं तापमान, दुपारी अडीचचं तापमान आणि शेवटच्या रकान्यात एखादा शब्द. ‘ढगाळ.’ ‘वळीव.’ ‘धुकं, समोरचं दिसत नाही.’ पहिली नोंद जून १९८७ ची, शनिवार पेठेतल्या वाड्याच्या गच्चीवरची. शेवटची २०१९ ची, आत्ताच्या कोथरूडच्या फ्लॅटमधली.

साडेआठ आणि अडीच या वेळा त्यांनी अशाच ठरवल्या नव्हत्या. वेधशाळेत याच वेळांना नोंदी घेतात, असं ते आम्हाला सांगायचे. बाबा कारकून होते, त्यांचा हवामान खात्याशी काही संबंध नव्हता. पण शिवाजीनगरला शिमला ऑफिसवरून जाताना त्यांची मान हटकून तिकडे वळायची. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून ते शिमला ऑफिस. मी पाचवीत असताना स्कूटरवर त्यांच्या मागे बसून ही गोष्ट निदान दहा वेळा तरी ऐकली असेल. सुताराकडून त्यांनी झडपांची एक पांढरी पेटी करून घेतली होती, ऊन लागू नये पण वारा खेळता राहावा अशी. तिच्यात हा थर्मामीटर टांगलेला असायचा. पाऱ्याचा, उणे १० ते ५० अंशांचा, अर्ध्या अर्ध्या अंशावर रेघ असलेला.

या वह्या मला कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायच्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीत बसलेही. चारशे नोंदी झाल्यावर हात थांबला. बत्तीस वर्षं ज्याच्यावर विसंबून हे आकडे लिहिले गेले, तो थर्मामीटर बरोबर दाखवतो का?

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. थर्मामीटर तपासायचा तर बर्फात शून्य आणि उकळत्या पाण्यात शंभर, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. शून्याचं ठीक आहे. डिस्टिल्ड वॉटरचा बर्फ करायचा, चुरायचा, तेच पाणी घालून लगदा करायचा आणि त्यात थर्मामीटरचा फुगा, म्हणजे तळाचा पाऱ्याचा गोळा, बुडवून दहा मिनिटं थांबायचं. इन्व्हर्टरमध्ये घालायला मिळतं ते पाणी मी वापरलं. पारा ०.४ वर थांबला. तीनदा केलं, तिन्ही वेळा ०.४.

शंभराचं मात्र पुण्यात जमत नाही. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहोत, त्यामुळे इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. तेही त्या दिवशी हवेचा दाब किती आहे यावर थोडं मागेपुढे होतं. आणि हा थर्मामीटर तर ५० लाच संपतो, उकळत्या पाण्यात घातला तर फुटेल. नुसत्या शून्यावर भागत नाही, कारण काचेच्या नळीचं छिद्र सगळीकडे सारखं असेलच असं नाही. खाली ०.४ ने चूक असलेला थर्मामीटर वर एक अंशानेही चुकू शकतो. मला एक खूणगाठ हवी होती, पुण्याच्या दुपारच्या तापमानाजवळची, दाबाने न हलणारी, आणि घरात मिळेल अशी.

ती एका मिठात आहे. सोडियम सल्फेटमध्ये.

कपडे धुण्याच्या पावडरीत भर म्हणून घालतात ते हे मीठ. पाण्यातून २०-२५ अंशांना त्याचे स्फटिक काढले तर ते काचेसारखे पारदर्शक निघतात, आणि त्यांतल्या प्रत्येक सोडियम सल्फेटमागे पाण्याचे दहा रेणू असतात. वजनाने पाहिलं तर त्या कोरड्या खड्यात जवळजवळ ५६ टक्के पाणी! हाताला ओल लागत नाही, कारण त्या पाण्याला स्फटिकात नेमलेली जागा असते. सतराव्या शतकात योहान ग्लाउबर या जर्मन रसायनज्ञाने ते तयार केलं आणि त्याला ‘अद्भुत मीठ’ म्हटलं. अजूनही त्याला ग्लाउबरचं मीठ म्हणतात. त्याने ते पोट साफ करायचं औषध म्हणून नावाजलं होतं. मला अद्भुत वाटतं ते त्याचं तापणं.

हा खडा तापवत नेला की ३२.३८ अंशांना त्याची रचना मोडते. दहाच्या दहा रेणू पाणी सुटतं आणि मीठ त्या आपल्याच पाण्यात विरघळू लागतं. पण सगळं विरघळत नाही. त्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात जेमतेम ५० ग्रॅम निर्जल, म्हणजे स्फटिकात पाणी नसलेलं, मीठ मावतं. खड्यातलं मीठ त्याहून जास्त असतं, म्हणून उरलेलं पांढऱ्या गाळासारखं तळाला बसतं. बर्फ वितळला की नुसतं पाणी होतं. इथे खडा मोडून एक द्रावण होतं आणि एक वेगळाच, पाणी नसलेला घनपदार्थ. स्फटिक, निर्जल मीठ, द्रावण आणि त्यावरची वाफ असे चार जण जोवर एकत्र आहेत तोवर तापमानाला हलायला जागाच उरत नाही. पदार्थाची किती रूपं एकत्र आहेत त्यावरून तापमानाला आणि दाबाला किती मोकळीक उरते ते सांगणारा, गिब्जचा फेज रूल म्हणतात तो नियम हाच. वर्गात तो मी पाठ करून घेत आले, हातात धरून पाहिला तो मात्र या नोव्हेंबरात.

या मिठाची विद्राव्यताही बघण्यासारखी आहे. १० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात ९ ग्रॅम, २० ला साडेएकोणीस, ३० ला जवळजवळ ४१, आणि ३२.४ ला पन्नासाच्या टोकावर. तिथून पुढे पाणी तापवत जा, विरघळण्याचं प्रमाण हळूहळू कमीच होतं. आलेख काढला तर डोंगराला सुळका असावा तसं टोक येतं. त्या टोकाच्या अलीकडे पाण्याच्या तळाशी असतो पाणी धरलेला स्फटिक, पलीकडे असतं पाणी सोडलेलं मीठ.

१८९८ मध्ये हार्वर्डच्या थिओडोर रिचर्ड्स यांनी सुचवलं, की हे तापमान थर्मामीटर तपासायला पक्का बिंदू म्हणून वापरा. शून्य आणि शंभर यांच्या मध्ये असा बिंदू हवाच होता. याच रिचर्ड्सना पुढे १९१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, अणुभार अचूक मोजण्यासाठी. एकेका दशांशासाठी जीव टाकणारा माणूस. बाबांचं आणि त्यांचं जमलं असतं.

मग मी मध्यवस्तीतल्या एका दुकानातून अर्धा किलो सोडियम सल्फेट आणलं. मागितलं होतं दहा पाण्याचं, डबीवरही तसंच लिहिलेलं, पण आत निघाली मऊ, पांढरी, कोरडीठाक पावडर. पुण्याचा एखादा उन्हाळा गोदामात काढला की हे मीठ आपलं पाणी हवेत सोडून देतं, धुण्याच्या सोड्याचे खडे पडून पडून पांढरे पडतात तसंच. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट स्फटिक स्वतः करायची संधी मिळाली.

पहिला प्रयत्न चुकला. पावडर वाडग्यात घेतली आणि तिच्यावर नळाचं गार पाणी ओतलं. बघता बघता सगळं दगडासारखं घट्ट झालं, चमचा आतच अडकला. ३२ च्या खाली निर्जल मिठाला पाणी मिळालं की ते झटक्यात पाणी धरून स्फटिक होऊ पाहतं, आणि एकमेकांत गुंतलेल्या स्फटिकांचा गोळा बसतो. वाडगा फोडावा लागला. आईने विचारलं, “अगं, हे काय सिमेंट आणलंस घरात?” खरंच तसंच दिसत होतं.

दुसऱ्या वेळी १०० ग्रॅम डिस्टिल्ड पाणी ३५ अंशांपर्यंत कोमट केलं, त्यात पावडर थोडी थोडी टाकत हलवत राहिले. गढूळ राहिलं तेवढं फिल्टर पेपरमधून गाळलं, स्वच्छ बाटलीत भरलं, झाकण लावलं आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवून झोपले. सकाळी पाहते तर तळाशी सुंदर पारदर्शक स्फटिक. मला वाटलं, जमलं. बाटली मोठ्या पातेल्यातल्या पाण्यात ठेवली, बाबांचा थर्मामीटर बाहेरच्या पाण्यात धरला आणि अगदी मंद तापवत नेलं. स्फटिक ३२ च्या जवळ जाईपर्यंत टिकायला हवे होते. ते २३ लाच शेवटच्या कणापर्यंत विरघळून गेले.

थर्मामीटर नऊ अंशांनी चुकत असेल, असं क्षणभरही वाटलं नाही. चुकत होते ते स्फटिक. या मिठाचं सात पाण्याचंही एक रूप आहे. द्रावण झाकून, न हलवता, धूळ न लागू देता गार केलं तर दहा पाण्याच्या स्फटिकाला सुरुवात करायला आधार मिळत नाही. मग त्याच्याऐवजी हे सात पाण्याचं रूप येतं. ते टिकाऊ नाही, आणि त्याची विद्राव्यता खूपच जास्त, म्हणून ते लवकर विरघळलं. एकोणिसाव्या शतकातल्या रसायनज्ञांनी यावर वर्षानुवर्षं घालवली आहेत. मी ते पुस्तकात कधीतरी वाचलं होतं आणि विसरले होते.

तर तीच बाटली पुन्हा फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पारदर्शक स्फटिक, वर नितळ द्रावण. दरम्यान थोडं द्रावण मी एका उघड्या बशीत खिडकीत ठेवलं होतं. तिथे आपोआप लांब, टोकदार, खरे दहा पाण्याचे स्फटिक आले होते. त्यातला मोहरीएवढा एक कण चिमट्यात धरला, बाटलीचं झाकण काढलं आणि आत सोडला.

कण अर्ध्यावर पोचला नसेल, तोवर त्याच्यापासून सुया फुटायला लागल्या. चारी बाजूंनी, दिसतील इतक्या वेगाने. मिनिटभरात सगळं द्रावण त्यांनी भरून गेलं. सुया तळाशी पोचल्या आणि तिथले ते काचेसारखे जुने स्फटिक, जिथे सुई टेकली त्या टोकापासून, दुधासारखे पांढरे होत गेले. पारदर्शक बर्फात दूध शिरावं तसं. बाटली मी तळव्यात धरली होती. फ्रिजमधून काढलेली गार बाटली माझ्या हातात कोमट झाली. मी आईला हाक मारली आणि तिच्या हातात बाटली दिली. ती काही बोलली नाही, दोन्ही हातांनी धरून बसली.

त्या उबेबद्दल सांगायलाच हवं. हे मीठ मोडताना ग्रॅममागे साधारण २५० जूल उष्णता घेतं आणि जुळताना तेवढीच परत देतं. तेवढंच पाणी ९० अंशांवरून ३० वर येताना जेवढी उष्णता देईल, जवळजवळ तेवढी. म्हणूनच १९४८ मध्ये अमेरिकेत डोव्हर या गावी संशोधक मारिया टेल्केश यांनी सूर्याच्या उष्णतेवर चालणाऱ्या घरात हेच मीठ साठवणीला वापरलं. दिवसा उन्हाने मीठ मोडायचं, रात्री ते जुळताना घर उबदार ठेवायचं. काही हिवाळ्यांनी ते बिघडलं, आणि बिघडण्याचं कारण तो तळाचा गाळच. निर्जल मीठ खाली बसतं, त्याच्यावर स्फटिकांची साय धरते, मग वरचं पाणी आणि खालचं मीठ यांची गाठच पडत नाही. टेल्केश यांनीच पुढे त्यात बोरॅक्स घालायचा मार्ग काढला. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार, सोनारांकडचा. त्याच्या स्फटिकाची ठेवण ग्लाउबरच्या मिठाशी इतकी जुळते, की त्याच्या कणावर मीठ आपलं म्हणून बसतं आणि अतिशीत होऊन, म्हणजे गार होऊनही स्फटिक न होता, अडून राहत नाही. गाळाचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, त्यासाठी मिश्रण घट्टच करावं लागतं. हे काम त्या बाईंनी ज्या चिकाटीने केलं, त्याबद्दल मला फार आदर आहे. आमच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव यायला हवं.

मला साठवायचं काही नव्हतं, त्यामुळे गाळाचा उपाय सोपा होता, ढवळणं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी २०० ग्रॅम स्फटिक फडक्यात दाबून कोरडे केले, कोमट पाण्यावर अर्धेमुर्धे मोडू दिले आणि तो पांढरा लगदा रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये भरला. त्यात थर्मामीटर उभा केला, फुगा आणि दांडा जितका बुडेल तितका बुडवून. दर पाच मिनिटांनी काचेच्या कांडीने ढवळायचं, भिंगातून वाचायचं, लिहायचं. खोलीत २३ होतं.

त्या दिवशी आकडा आला ३२.७. तासभर तिथेच. मला समाधान नव्हतं. मिठात साधं मीठ किंवा दुसरं काही मिसळलेलं असलं तर हा बिंदू खाली उतरतो. साधं मीठ भरपूर घातलं तर तो १८ च्या जवळ जातो. म्हणून तेच स्फटिक पुन्हा डिस्टिल्ड पाण्यात विरघळवले, गाळले, गार केले, वरचं पाणी फेकून दिलं. पुढच्या रविवारी ३२.९. परत तेच सगळं. त्याच्या पुढच्या रविवारी ३३.०. आणखी एकदा शुद्ध केलं, तरी ३३.०. भेसळ बिंदू खालीच ओढते, वर कधी नेत नाही, म्हणून चढून चढून जिथे आकडा थांबला तोच खरा मानायचा. त्या शेवटच्या दिवशी सकाळी १०.४० पासून १२.१५ पर्यंत पारा त्या एका रेघेवर होता. खिडकीतून ऊन आत आलं, सरकून गेलं, खाली भाजीवाला येऊन गेला, पारा हलला नाही. पंचाण्णव मिनिटं.

म्हणजे बाबांचा थर्मामीटर शून्याला ०.४ आणि बत्तीसला ०.६ जास्त दाखवतो.

जास्त का, याचं उत्तर काचेत आहे. थर्मामीटरचा फुगा घडवल्यावर त्याची काच वर्षानुवर्षं किंचित आकसत राहते. फुगा लहान झाला की पारा नळीत वर सरकतो. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ जेम्स जूलने आपल्या एका थर्मामीटरचा शून्य १८४४ पासून १८८२ पर्यंत पुन्हा पुन्हा पाहिला आणि तो सतत वर चढत असल्याची नोंद ठेवली. अडतीस वर्षं, एकाच थर्मामीटरवर. मग प्रश्न असा, की १९८७ मध्ये बाबांची चूक किती होती? आज ०.६ आहे म्हणून पहिल्या वहीतूनही ०.६ वजा केले तर तेही चूकच.

उत्तर पहिल्याच वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर मिळालं. मी नोंदी उतरवताना थेट पान एकपासून सुरुवात केली होती, पुठ्ठ्याकडे पाहिलंच नव्हतं. निळ्या शाईत, बाबांच्या तिरक्या अक्षरात: ‘बर्फात ०.१. दि. ७ जून ८७.’ धडधडत्या छातीने बाकीच्या वीस वह्यांचे पुठ्ठे पाहिले. सातव्या वहीवर ‘बर्फात ०.२५’, वाड्यातून फ्लॅटमध्ये आलो त्या वर्षीची. पंधराव्यावर ‘बर्फात ०.३५, दोनदा पाहिलं’. त्यांनी मला कधी सांगितलं नाही. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मुलीलाही विचारलं नाही. सुरुवातीला जास्त आणि पुढे कमी कमी, असं ते चढत गेलं आहे, काच आकसते तसंच. आता माझ्याकडे शून्याचे चार बिंदू आहेत आणि वरचा एक. नळीमुळे होणारी ०.२ ची चूक कायमची, बाकीची वयाबरोबर वाढलेली. त्यावरून मी प्रत्येक वर्षाची दुरुस्ती काढली. शंका फार तर अर्ध्या दशांशाची राहते, आणि रोजच्या नोंदीत बाबा तरी दशांशाच्या पुढे कुठे वाचत होते.

वह्यांमध्ये मी काही खोडलेलं नाही. त्यांच्या शाईच्या आकड्याशेजारी पेन्सिलने दुरुस्त आकडा लिहिते आहे. कॉम्प्युटरवर दोन रकाने केले, एक त्यांचा, एक दुरुस्तीचा. आत्ता १९९४ च्या एप्रिलपर्यंत पोचले आहे.

शुद्ध केलेल्या स्फटिकांतले उरलेले शंभरेक ग्रॅम एका काचेच्या बाटलीत घट्ट बंद करून बाल्कनीत सावलीला ठेवलेत, झडपांच्या त्याच पेटीत, थर्मामीटरच्या शेजारी. जानेवारीभर ते तसेच कोरडे, खडखडीत आहेत. बाटली हलवली की खडे वाजतात. फेब्रुवारीच्या शेवटी दुपारची हवा ३२.४ च्या वर जायला लागेल. शंभर ग्रॅम मोडायला उष्णता बरीच लागते, त्यामुळे पहिल्या एक-दोन दुपारी काही दिसायचं नाही. मग एके दिवशी कडांना ओल येईल, खडे वाजायचे थांबतील, तळाला पांढरं बसेल. सकाळी गार झालं की वर स्फटिकांची साय.

जेवण झालं की आई अडीचच्या सुमाराला रोज बाल्कनीत जाते, पेटीचं दार उघडते, बाटली कानाशी धरून हलवते आणि आतून मला सांगते, “अजून वाजतंय गं.” मी ते वहीत लिहिते. एकविसाव्या वहीत शेवटची तीस पानं कोरी आहेत.